धोपा कुठे लावायचा

बाबा, धोपा अजून जिवंत आहे. तुम्ही क्वार्टरमागे लावायचात तो नव्हे, तो इथे कोण आणू देणार! इंडियन स्टोअरमधून आणलेला अरबीचा एक गड्डा मी वीसेक वर्षांपूर्वी कुंडीत खोचला होता, त्याचीच ही पोरंबाळं. मिशिगनमध्ये, आमच्या ट्रॉयच्या घरी, तो उन्हाळाभर मागच्या डेकवर असतो आणि थंडी पडायच्या आत गराजमध्ये येतो. तुमचे जावई त्याला अळू म्हणतात, पुण्याचे ना ते. मी धोपाच म्हणते. आज त्याची आठवण काढायचं कारण असं, की शुक्रवारपर्यंत मला एका बाईंना हो किंवा नाही कळवायचं आहे आणि मला काहीही सुचत नाहीये. वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर त्यांचं एक लहानसं घर रिकामं होतंय. आम्ही दोघांनी रिटायर होऊन तिथे कायमचं राहायला जायचं का, एवढाच प्रश्न आहे. एवढाच म्हणायचं, आणि महिनाभर वरणात दोनदा मीठ घालायचं.

हे सगळं माझ्या हट्टापायी सुरू झालं. ऑक्टोबरात आपल्या लोकांचा धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम असतो. शाळेचा हॉल घ्यायचा, वंदना, पोरांची भाषणं, मग पॉटलक, ज्याने त्याने घरून एकेक पदार्थ करून आणायचा. माझ्याकडे दरवर्षी धोप्याच्या वड्या. गेल्या वर्षी हॉल मिळाला नाही म्हणून कार्यक्रम पुढे ढकलला. तुमचे जावई म्हणाले, "फ्रॉस्टचा अलर्ट आलाय, कुंडी आत घेऊन टाकू या." मी म्हटलं, थांबा, शनिवारी ताजी पानं काढीन. शनिवारी सकाळी डेकवर दव गोठून पांढरं झालेलं, आणि हे माझ्या आधी उठून कुंडी उचलायला गेले. पाय घसरला आणि त्यांचा खुबा मोडला. कुंडीला साधा तडा गेला नाही. हॉस्पिटल, वॉकर, मग काठी, असा सगळा हिवाळा गेला. 'तुझ्या त्या अळूपायी' असं ते एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. त्याऐवजी खिडकीतून बर्फ बघत म्हणायचे, "यार, हे स्नो शवल करायचं वय राहिलं का आता? कुठेतरी वॉर्म जाऊ."

त्यांच्या कारखान्यातले एक जुने सहकारी मूळचे त्रिनिदादचे, रिटायर होऊन परत गेलेले. त्यांनी फेब्रुवारीत बोलावलं, दोन आठवडे राहिलो. पहिल्याच दिवशी तुमचे जावई काठी खोलीत विसरून अंगणात गेले. ते बघून मला रडूच आलं. दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेले, तर एका म्हातारीच्या पुढ्यात धोप्याच्या पानांच्या जुड्या! तिथे त्याला डशीन म्हणतात आणि शिजवली की भाजीच म्हणतात, नारळाच्या दुधात करतात. मी विचारलं, खाज जायला चिंच घालता का? ती हसली. "यू फ्रॉम इंडिया इंडिया?" मी हो म्हटलं. तिचा पणजोबा बोटीतून उसाच्या मळ्यावर आला होता. कुठल्या गावचा, ते घरात आता कुणालाच माहीत नाही, आणि त्याचं तिला काही वाटतही नव्हतं. जुडी माझ्या हातात देत म्हणाली, "वेल, यू रीच, डार्लिन." पोचलीस बाई.

बाबा, तीस वर्षं मी अमेरिकेत मराठी माणसं भेटतेय. नाव झालं की आडनाव, आडनाव झालं की "मूळ गाव कुठलं?", आणि मग तो एक क्षण, ज्यात समोरचा माझं उत्तर आतल्या आत कुठल्यातरी खणात ठेवतो. पुढे सगळे छान बोलतात, डबेही भरून देतात. पण तो क्षण मी कधी चुकवू शकले नाही. त्या म्हातारीकडे तो नव्हताच. मी तिथे उभ्या उभ्या ठरवलं, इथेच राहायचं. रात्रीच्या जेवणाला तेच सहकारी, फार भला माणूस, सहज म्हणाले, "माय मदर वॉज अ महाराज, यू नो." म्हणजे तिकडचे ब्राह्मण. आणि माझ्याकडे पाहून थांबले. थांबले की नुसता घास गिळला? तो क्षण तिथेही होता, की मीच सामानातून नेला होता, हे मला आजतागायत कळलेलं नाही. जावयांना विचारलं तर म्हणाले, "तू ओव्हरथिंक करतेस." असेलही.

मला सारखं ते क्वार्टर दिसतं. तुम्ही छोट्या स्टेशनांवर असिस्टंट स्टेशन मास्तर, दर तीन-चार वर्षांनी बदली. नव्या क्वार्टरमध्ये ट्रंका उतरायच्या आधी तुम्ही न्हाणीचं पाणी जिथून वाहतं ती जागा शोधायचात आणि पिशवीतला गड्डा तिथे लावायचात. निघताना एक गड्डा काढून घ्यायचा, बाकीचा धोपा तसाच सोडायचा. पुढच्याच्या घरी पहिल्या दिवशी भाजी तर होईल, म्हणायचात. आईने फरशी पुसायची, चुलीपाशी नवी काडेपेटी ठेवायची. मी नववीत असताना शाळेचा दाखला घ्यायला आपण दोघं जुन्या स्टेशनावर परत गेलो. मी क्वार्टरमागे धावत जाते, बघते तर धोपा मुळासकट उपटून उकिरड्यावर टाकलेला. अंगण गोमूत्र शिंपून शेणाने सारवलेलं. आतली बाई दारात येऊन बघते आणि दार लावून घेते. मी रडते. म्हणते, आता कुठेच काही लावू नका. तुम्ही वाकून उकिरड्यावरचा एक गड्डा उचलता, धोतराला पुसून पिशवीत टाकता आणि माझ्यावर खेकसता, "काऊन रडतेस? घर काय तिच्या बापाचं हाये? लावणं आपलं काम होतं, लावलं. चाल, गाडीचा टाइम झाला." तुम्ही एवढे चिडलेले मी आधी पाहिले नव्हते. माझ्यावर चिडला होतात का, हे विचारायचं राहिलं.

तुम्ही रिटायर झालात तेव्हा काका म्हणाले, गावात जागा आहे, दोन खोल्या बांध, भावाबंदांत राहा. तुम्ही म्हणालात, गावाबाहेरच्या त्या टोकावर परत कशाला? आणि नागपूरला दोन खोल्या घेतल्यात, वरच्या मजल्यावर. न्हाणीचं पाणी पाइपातून जायचं. धोपा लावायला जागाच नव्हती. तेव्हा मला तुमचा फार अभिमान वाटला होता. आज मी त्याच वयाची झाले आणि मला विचारायचंय, बाबा, त्या खोल्यांत तुम्ही सुखात होतात का? जिथे कुणी ओळखत नाही तिथे म्हातारं व्हावं, हे खरं की ज्यांनी उपटलं त्यांच्याच शेजारी परत लावावं, हे खरं? एक दिवस वाटतं मी त्यांच्या खुब्यासाठी जातेय. दुसऱ्या दिवशी वाटतं मी पळून जातेय, आणि बिचाऱ्या खुब्याचं नाव पुढे करतेय. आणि इथल्या हॉलमध्ये दरवर्षी जयभीम म्हणून मिठी मारणाऱ्या त्या चाळीस माणसांचं काय? तिथे मला जयभीम कोण म्हणेल?

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून एक सांगून टाकते. तुमच्या शेवटच्या वर्षातला तो फोन. त्या दिवशी लाइन खराब होती, तुम्ही काहीतरी म्हणालात ते ऐकू आलं नाही, असं मी आजवर आईला, जावयांना, सगळ्यांना सांगत आले. तुम्ही म्हणाला होतात, "यंदा आलीस का एकदा गावाले जाऊन येऊ. तू सोबत असशील तर जाईन म्हणतो." आणि मी म्हटलं, हॅलो, हॅलो, बाबा, आवाज येत नाहीये. सुट्टी तीनच आठवडे होती, त्यातला एक पुण्याला जाणार होता. आणि मला ते टोक बघायचं नव्हतं. तुम्ही परत विचारलं नाहीत. पुढच्या वेळी मी आले ते तुमच्या फोटोला हार घालायला.

काल मुलीचा फोन आला. ती श्रूजबरीला असते, अमेरिकेतच, पण इथून विमानाने जावं लागतं. मराठी तिला कळतं, पण बोलते सगळं इंग्रजीत. नेहमीसारखी शहाण्यासारखी बोलली. "फॉर डॅड इट मेक्स सेन्स, आई. आय ॲम टोटली फाइन विथ इट." मी म्हटलं, बरं. मग एकदम, लहानपणी तापात बोलायची तशा आवाजात म्हणाली, "नको ना जाऊस, आई."

मी म्हटलं, हॅलो? हॅलो? तुझा आवाज कट होतोय गं.

"नथिंग," ती म्हणाली. "टॉक लेटर."

आवाज स्वच्छ येत होता, बाबा. तेव्हा तुमचाही येत होता.