थोरल्या भावाला वगळून

१२ ऑक्टोबर

प्रिय काका,

नमस्कार. इकडे सगळे धडधाकट, आईचा गुडघा सोडून. आणि तो कुरकुरला नाही तर आम्हालाच चैन पडत नाही. तुझा खोकला गेला का? नसला तरी गेला म्हणशील, माहीत आहे.

मागच्या पत्रात तुला ‘आपण’ लिहिताना माझी बोटं अडखळत होती. पण ते तुझ्या प्रोग्रॅमच्या परवान्यातली एक अट काढा म्हणून विनंती करणारं वाचनालयाचं पत्र होतं, वर शिक्का, खाली ग्रंथपालबाईंची सही. आज साध्या कागदावर लिहितेय.

काका, तुझे किती आभार मानू! ‘अट काढली, नवी आवृत्ती चढवली,’ एवढंच तुझं उत्तर आलं. मला वाटलं, चला, एक ओळ खोडायची होती, खोडली. मग प्रोग्रॅमसोबतची बदलांची यादी पाहिली आणि तोंडात बोट घातलं. तुझ्या प्रोग्रॅमला आजवर ज्या अकरा जणांनी हातभार लावला, त्या सगळ्यांची परवानगी लागणार होती. तू एकेकाला शोधून काढलंस. एका निवृत्त मास्तरांनी तर फक्त एक अक्षर दुरुस्त केलं होतं, त्यांनाही विचारलंस. अकरावा काही केल्या सापडेना, तर त्याच्या चाळीस ओळी काढून त्या जागी नव्या लिहिल्यास. या वयात! ग्रंथपालबाई म्हणाल्या, “असा काका भाड्याने मिळतो का गं?”

आमच्या वाचनालयाची अडचण खरीच होती. तुझा प्रोग्रॅम छापील पानाचा फोटो घेऊन अक्षरं ओळखतो, आमचा ती बोलून दाखवतो. दोन्ही फुकट, दोन्ही खुले. पण आमच्याच्या परवान्यात म्हटलंय की यात काही मिसळाल तर तेही सगळ्यांना खुलं ठेवा, वर आपली बंदी घालू नका. आणि तुझ्या परवान्यात ती ओळ: ‘हे कोणीही वापरावे, माझ्या थोरल्या भावाला वगळून. त्याच्या मते हे पोरखेळ आहेत.’ गेली नऊ वर्षं लोक ती वाचून हसायचे. पण अट ती अट. एक माणूस वगळला तरी दोन परवाने जुळत नाहीत. आमच्या दृष्टी नसलेल्या वाचकांना दोन्ही वेगवेगळे बसवत बसावं लागायचं. आता एकदाच बसवतात आणि वाचायला लागतात.

हे सगळं खरं आहे, काका. पण पत्र मी तेवढ्यासाठी लिहिलं नव्हतं.

बाबांना दिसत नाही. एकदम नाही गेलं. दोन वर्षांपूर्वी प्रुफातल्या ओळी वाकड्या दिसायला लागल्या, मग नजरेच्या मधोमध डाग आला, तो वाढतच गेला. छापखान्यात चौतीस वर्षं लोकांच्या चुका काढलेला माणूस आता औषधाच्या बाटलीवरचं नाव आईला विचारतो. तुला कळवायचं नाही, अशी शपथ घातली होती मला. आज मोडतेय.

तुझा प्रोग्रॅम मी त्यांच्या टेबलावरच्या संगणकात बसवून दिला, कोणाचा ते न सांगता. पण बाबाच ते! म्हणाले, “आधी परवाना वाच. खालपर्यंत.” मी वाचत गेले आणि त्या ओळीशी थबकले. “थांबलीस का? वाच.” वाचली. घर सोडून गेलास त्या दिवशी ते जे बोलले होते, तेच शब्द. बाबा म्हणाले, “बंद कर. त्याने नाही म्हटलंय, म्हणजे नाही.”

“बाबा, कोण बघायला येतंय?”

“मला माहीत आहे ना. तेवढं पुरे.”

सहा महिने त्या टेबलाकडे फिरकले नाहीत. वर्तमानपत्र घडी न मोडता रद्दीत जायचं.

एकदा मीच फाइल उघडून ती ओळ खोडणार होते. पण त्यांनी विचारलं असतं, “त्याने काढली की तू?” आणि बाबांशी खोटं बोलणं मला जन्मात जमलेलं नाही. तुला खरं लिहायचा धीर नव्हता. तू चिडशील असं वाटलं. नाहीतर दया येऊन काढशील, आणि दयेवर बाबा एक अक्षर वाचणार नाहीत. म्हणून शिक्क्याच्या आड लपले. माफ कर रे.

गेल्या सोमवारी नवी आवृत्ती बसवली. बाबांनी आधी परवाना ऐकला, अख्खा. मग पुन्हा एकदा. “त्याने स्वतः काढली?” म्हणाले. मी हो म्हटलं, आणि खरं बोलायला मिळालं म्हणून मला रडूच आलं. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ वाचन चालू आहे. वर्तमानपत्रातल्या चुकांवर पुन्हा आरडाओरडा. आई म्हणते, “झाली कटकट सुरू,” आणि पदराने डोळे पुसते.

हे पत्र लिहितेय म्हटल्यावर बाबा माझ्यावर रागावतील असं वाटलं होतं. खुर्ची ओढून शेजारी बसले. म्हणाले, “लिही. पान उलटलं की पानाचा आकडा वाक्याच्या मध्येच वाचला जातो. वरचं प्रकरणाचं नावही घुसतं. हे चालणार नाही. दुरुस्त करावं.”

“अजून काही?”

“उत्तर छापून पाठव म्हणावं. त्याचं हस्ताक्षर यंत्राला काय, देवालाही कळायचं नाही. आणि पाकीट तू फोडू नकोस. मी स्वतः वाचीन.”

तेव्हा काका, पाकिटावर नाव बाबांचंच घाल.

तुझ्या उपकारात आनंदाने बुडालेली,
भुंगी