तुमचा ई-मेल बंद झाला

बाबा, तुमचा ई-मेल बंद झालाय. माझ्यामुळेच. आठ दिवस झाले, कशातच मन लागत नाही. मशीनपाशी जाते, परत येते, बसते, उठते. म्हणून लिहितेय.

तळवड्यातल्या आपल्या लेथच्या शेडमध्ये पहिल्यांदा इंटरनेट आलं, तेव्हा त्या कंपनीने कनेक्शनसोबत एक ई-मेल पत्ताही दिला होता. तुम्ही तो दुसऱ्याच दिवशी गेटच्या पाटीवर रंगवून घेतलात, फोन नंबरापेक्षा मोठ्या अक्षरांत. मी तेव्हा आकुर्डीला कॉलेजात. संध्याकाळी येऊन तुमचे मेल टाइप करायचे. एकदा घाईत नुसतंच ‘माल तयार आहे’ लिहून पाठवलं, तर केवढे चिडलात! "माणसाला लिहितेयस ना? मग आधी नमस्कार घाल." त्यानंतर, एका बोटाने का होईना, तुम्ही स्वतःच लिहायला लागलात.

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. शेड मी बघते, पत्ता तोच ठेवला होता. पण यंदा नेट सारखं जायला लागलं. एक ड्रॉइंग उघडायचं तर मी फोन घेऊन रस्त्यावर उभी. शेवटी वैतागून दुसऱ्या कंपनीची लाइन घेतली आणि जुनी बंद करून टाकली. पत्ता बदलल्याचं गिऱ्हाइकांना कळवते, कळवते म्हणत राहिले. चौथ्या दिवशी चाकणच्या खरेदीवाल्या साहेबांचा फोन. "मॅडम, मंगळवारी नवं ड्रॉइंग पाठवलंय. बोअर दोन मिलिमीटरने वाढलाय. बघितलंत ना?" मी काय बघणार? मेल त्यांच्याकडे परत गेला होता आणि त्यांच्याही नजरेतून सुटला होता. इकडे तुमचे टर्नर काका जुन्याच मापाने त्या ऑर्डरचे जॉब काढतायत. मी ओरडतच धावले, "काका, मशीन बंद करा!" त्यांनी नवं माप ऐकलं, एक जॉब हातात फिरवला. "भोक वाढवायचंय न्हवं? मग वाचलो, ताई. बारीक करायचं असतं तर समदं भंगारात." दोन दिवस आम्ही एकेक जॉब पुन्हा लेथला बांधला. माल वेळेत गेला. मग एकेका गिऱ्हाइकाला फोन करून नवा पत्ता दिला. भोसरीचे एक जण म्हणाले, "तुमच्या वडिलांचे मेल मी अजून जपून ठेवलेत."

मेलही बंद होणार हे मला कुणी सांगितलंच नाही, असं मी सगळ्यांना सांगतेय. बाबा, ते खोटं आहे. जुन्या कंपनीतली बाई फोनवर स्पष्ट म्हणाली होती, "मॅडम, मेलबॉक्सही जाईल. हवं ते आधी उतरवून घ्या." मी तीनदा उतरवायला बसले. रोज येणारे मेल मी बघायचे, पण तुम्ही लिहिलेल्यांचा फोल्डर तुम्ही गेल्यापासून उघडलाच नव्हता. तेव्हाही धीर झाला नाही. आता तो कुठेच नाही. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. कुणी विचारलं, त्या फोल्डरमध्ये काय होतं, तर मला तेवढंही सांगता येणार नाही.