माझे कान ठीक आहेत

७ फेब्रुवारी १९३७, रविवार
जयवंताची आई जाऊन तीन महिने झाले. आजपासून थोडं थोडं लिहायचं ठरवलं आहे. घरात बोलायला मुलगी आहे, जयवंता, पण ती पुटपुटते. हल्ली सगळेच पुटपुटतात. आमच्या महाल वस्तीत पूर्वी माणसं खणखणीत बोलत.

जयवंतानं काल मला डॉक्टरकडे नेलं. तीस वर्षं मिलमध्ये मागांच्या खडखडाटात टाइमकीपर होतो, त्यात कान गेले, असं ते म्हणाले म्हणे. मला त्यांच्या मिशांमुळे काही कळलं नाही. पण मी मानत नाही. माझ्याकडे पुरावा आहे. कान गेले असते तर जयवंताच्या आईचं बोलणं मला कसं कळलं असतं? ती कधी ओरडली नाही. अंगणाच्या त्या टोकाला असली तरी सगळं कळायचं. जातानासुद्धा स्पष्ट सांगून गेली, सगळं ठीक आहे, काळजी करू नका. मला एक शब्द चुकला नाही.

१२ फेब्रुवारी
जयवंता आईसारखे हातवारे करते. मिलमध्ये आवाजामुळे सगळे हातांनीच बोलतात. दोन मुठी जोडून झटक्यानं दूर केल्या की धागा तुटला, माग थांबव. उघडा तळहात पुढे-मागे हलवला की माग चालू आहे, चिंता नाही. लग्न झाल्यावर मी हे जयवंताच्या आईला गंमत म्हणून शिकवलं. तिनं पुढे त्यात भाजीपाला, नातेवाईक, सणवार, माझा राग, सगळं घातलं. तिची हौस. पण लग्नाच्या मुलीनं हात नाचवणं बरं नाही. लोक म्हणतील मुकी आहे. आजपासून घरात हातवारे बंद. तसं सांगितलं. ती काहीतरी बोलली. बहुधा हो.

१६ फेब्रुवारी
हातवारे बंद केल्याचा चांगला परिणाम. घरात फार शांतता आहे.

शेजारचे भैयाजी भिंतीवरून अंगणात उतरले. चिडले होते. कधीचे दार ठोकत होते म्हणे. भैयाजींना वाढवून सांगायची सवय आहे. उमरेडचं स्थळ घेऊन आले होते. मुलगा मधुसूदन, वडील नानाजी, घरचे हातमाग. आपल्याच कोष्ट्यांतलं घर. आईला जाऊन वर्ष व्हायच्या आत लग्न उरकावं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल. एवढं सगळं मला नीट कळलं, कारण भैयाजी कानाशी तोंड आणून बोलले. त्यांच्या तोंडाला तंबाखूचा वास येतो. जयवंता दारामागे पदराचं टोक चावत होती. म्हणजे पसंत आहे.

२० फेब्रुवारी
उद्या बैठक. पूर्वी माणसं आली की जयवंताची आई आतल्या दाराशी बसायची आणि मी अधूनमधून तिच्याकडे पाहायचो, तिला एकटं वाटू नये म्हणून. आता सगळं मलाच निभवायचं आहे. अवघड काही नाही. बोलणारा थांबला की मान हलवायची. भुवया वर करून थांबला तर “उत्तम” म्हणायचं.

२१ फेब्रुवारी, रविवार
बैठक फार छान झाली.

नानाजी सज्जन आहेत, पण दाढीत बोलतात. मी योग्य जागी मान हलवली. एक गोष्ट त्यांनी तीनदा विचारली. मी तीनदा “उत्तम” म्हणालो. तिसऱ्या वेळी भैयाजींनी माझा दंड दाबला. आनंदानं असेल. नानाजींची विधवा बहीण वच्छलाबाई सोबत आली होती. थोराड आहे. माझं तिसरं “उत्तम” ऐकून तिनं पदर तोंडावर ओढला. दाढ दुखत असावी.

जयवंतानं मात्र लाज आणली. आईच्या जागेवर बसून दोन मुठी पुन्हा पुन्हा झटकत होती. धागा तुटला, धागा तुटला. पाहुण्यांच्या देखत! मी डोळे वटारले आणि पाठ फिरवून बसलो.

२३ फेब्रुवारी
जयवंता दोन दिवस बोलत नाही. बोलत असली तर पुटपुटते आहे.

गल्लीतले लोक अभिनंदन करतात. जयवंताचं कमी, माझंच जास्त. साहजिक आहे, बापाची जबाबदारी. उमरेडहून धोतरजोडी आली, लाल काठाची. जावयाला द्यायची असेल. पण देणारे तर ते आहेत. विचार केला. उलगडलं नाही. भैयाजी माझ्याकडे पाहून मिशीवर ताव देतात.

२५ फेब्रुवारी
आज जयवंतानं माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे फिरवलं आणि हातांनी सांगितलं. तुम्ही. मुंडावळ्या. उमरेड. विधवा.

एकदाच केलं आणि लगेच कळलं. तिचे उच्चार सुधारत आहेत.

मग तिनं बाकीचंही हातांनीच सांगितलं. नानाजींनी साटंलोटं मांडलं होतं. त्यांच्या मुलाला माझी मुलगी, आणि मला त्यांची बहीण. तेच तीनदा विचारलं. मी तीनदा उत्तम म्हणालो. आता मी नाही म्हटलं तर तिचंही मोडेल. आणि हो म्हटलं तर तीच मोडेल. तोंडानं काय म्हणाली तेही हातांवरून कळलं, “आईच्या जागेवर कोनी येनार असंन तर मले नाई करायचं लगन. हिरीत ढकलून द्या मले.” विहीर तिनं फार खोल दाखवली.

मधुसूदनचं नाव आलं तेव्हा मात्र हात थांबले. डोळ्यात पाणी. मुलगा खरंच पसंत आहे तिला.

२६ फेब्रुवारी
उपाय शोधतो आहे.
आजार सांगावा? नानाजी वैद्य घेऊन येतील.
नवस सांगावा? कोणत्या देवाचा, विचारतील, आणि विचारलेलं कळलं पाहिजे.
ऐकू आलं नाही असं सांगावं? हे अशक्य. कारण ते खरं नाही. त्यापेक्षा दुसरं लग्न बरं.

२७ फेब्रुवारी
वच्छलाबाईंचा विचार करून पाहिला. स्वभाव वाईट नसेल. घरात आणखी एक माणूस पुटपुटेल.
संध्याकाळी जयवंताच्या आईचं लुगडं दोरीवर वाळत घातलेलं दिसलं. जयवंता नेसते आता. बराच वेळ पाहत उभा होतो.
भाषण तयार केलं आहे. पोटात कायमचा गोळा, वैद्यानं लग्न वर्ज्य सांगितलं. ठाम बोलायचं. एक शब्द चुकायचा नाही.

२८ फेब्रुवारी, रविवार
उमरेडची मंडळी तारीख काढायला आली, मधुसूदनही. वच्छलाबाई नव्या लुगड्यात. मी उभा राहिलो. सगळे माझ्याकडे पाहू लागले. गोळ्यापर्यंत आलो आणि पुढचं आठवेना. आतल्या दाराकडे पाहिलं. सवय. जयवंता तिथेच बसली होती. तिनं दोन मुठी जोडल्या आणि हळूच दूर केल्या.

मी म्हणालो, मला ऐकू येत नाही. त्या दिवशी तुम्ही काय विचारलं ते मला कळलं नव्हतं.

बहुधा ओरडून म्हणालो. अंगणातली शेळी उठून उभी राहिली.

नानाजींची दाढी हलली. मी दाराकडेच पाहत राहिलो. जयवंतानं हातांनी सांगितलं, ते म्हणून राहिले, “तुमचे कान गेले हे उमरेडच्या मोटारवाल्याले बी ठाऊक हाय गा. म्हनूनच त तीनदा इचारलं. तुमी तीनदा उत्तम म्हनले, मंग मी काय करू?”

मग वच्छलाबाई बोलल्या आणि सगळी बैठक हसली. जयवंता इतकी हसली की तिचे हात चालेनात. नंतर कळलं. बाई म्हणाल्या, “मले तरी कोठं हौस होती. भांडन केलं असतं त यायले समजलंच नसतं. सारं वाया.”

साटंलोटं सुटलं. नानाजी म्हणाले, सून भेटली, बस झालं. लग्न वैशाखात. जाताना मधुसूदननं माझ्याकडे पाहून उघडा तळहात पुढे-मागे हलवला. कोणी शिकवलं, मी विचारलं नाही.

१ मार्च
जयवंताला विचारलं, तुझ्या आईचा आवाज कसा होता. तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. मग हातांनी म्हणाली, घोगरा. जरा पुरुषी. तुम्हाला ठाऊक नाही?

दुपारभर आठवून पाहिलं. तिनं जाताना सांगितलं होतं, सगळं ठीक आहे, काळजी करू नका. स्पष्ट आठवतं. गोधडीवर तिचा हात होता, आणि तळहात जरासा पुढे-मागे हलत होता.