छत्तीस गठ्ठे रेशीम

मंगळवार, ता. १९ नोव्हेंबर

चि. भुंग्यास आजीचे आशीर्वाद.

तुला विसरायला होतं, म्हणून आधी ओळख करून देते. मी तुझी आजी. तुझ्या बापाची आई. उंचीला तुझ्या खांद्याएवढी, पुढचे दोन दात गेलेले, उजव्या गुडघ्यात चालताना कटकट वाजतं. आठवलं का? नसेल आठवलं तर कुणा परक्या म्हातारीचं पत्र चुकून आलंय असं समज, पण शेवटपर्यंत वाच. अडीच वर्षांत तुझं एक पत्र आलं. एक की दोन, ते पुढे बघू. शिंपीणबाई माझ्याकडे डोळे वटारून बघतायत.

हे पत्र खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई लिहितायत. मी बजावलंय, मी बोलते तसंच उतरवा, मापाबाहेर गेलं म्हणून कातरू नका. त्या चांगल्या आहेत, फक्त मध्येमध्ये नाक ओढतात. हेही लिहा हो.

माझी तब्येत बरी. डोळे बरे, कान त्याहून बरे, शेजारच्यांची भांडणं भिंतीतून पूर्ण ऐकू येतात. गच्चीची गळती थांबली. बाकी घरचं पुढे सांगते. आधी कामाचं.

तुझ्या त्या कॉम्प्युटरवरच्या, जुन्या चीनमधल्या शहराच्या खेळाबद्दल विचारायचंय. माणसं टोपल्या घेऊन गल्लीगल्लीतून हिंडतात, तोच. त्यातली व्यापाराची कामगिरी. आठवते ना? नदीकाठचं शहर, तीन शेजारशहरांशी व्यापार चालू ठेवायचा आणि एका वर्षात रेशमाचे चाळीस गठ्ठे बाहेर धाडायचे. आपल्याकडे तुती आहे, चिकणमाती आहे, पण मिठाचा खडा नाही. मला त्यातलं एक अडलंय.

आता म्हणशील, म्हातारीला कुठून कळलं एवढं? बाबा रे, वर्षभर खुर्चीशेजारी स्टुलावर बसून बघितलंय. तुझं कुठे चुकायचं तेही सांगते. तू आधी राजवाडा बांधायला घ्यायचास. लोक उपाशी आणि राजाला अंगण! पहिल्या वर्षी तीस घरं, बास. पहिल्या दिवशी तुती लावायची, कारण झाडाला वेळ लागतो आणि झाड कुणाचं ऐकत नाही. तोवर मातीची भांडी भाजून विकायची. व्यापाराची वखार घाटाजवळ, आणि गोदाम तिला चिकटून. तू गोदाम डोंगराच्या पायथ्याशी बांधलंस, हमाल बिचारे निम्मं वर्ष रस्त्यातच. भांडी देऊन मीठ आणायचं. मीठ पोटात गेलं की घरं एकेक मजला चढतात, मग त्याच घरांतून रेशमाला माणसं मिळतात. आणि सगळं रेशीम विकायचं नाही, थोडं आपल्या लोकांना ठेवायचं. शेजारच्या शहराला काही हवं असेल तर मागायच्या आधी धाडायचं. मागायची वेळ आणली की मन आंबतं.

हे काही माझं डोकं नाही. हे तुझ्या बापाचं.

हो, त्याच्याच. ज्यानं वायर उपटली त्याच्या. मला तो दिवस विसरता येत नाही. तू ओरडलास, ‘छत्तीस झाले, आजी, चारच राहिले!’ आणि हा त्याच्या कामाच्या गोदामातून तुला शिव्या घालतच आला, नोकरीच्या मुलाखतीला गेला नाहीस म्हणून, आणि भिंतीतून वायर ओढली. पडदा काळा. तू उठून खुर्ची टेबलाखाली सरकवलीस, तेव्हाच मला भीती वाटली. आठवड्यात तू बोटीच्या भटारखान्यात नोकरी धरलीस. फोनचा नंबर बदललास.

पुढे त्याच्या पायांना सूज आली. हृदय दमलंय म्हणाले डॉक्टर, काम बंद, मीठ बंद. तीस वर्षं वजनकाट्यावर उभा राहिलेला माणूस, घरी बसून काय करणार? एक दिवस मी स्वयंपाकघरातून आले तर हा तुझ्या खुर्चीत. उंदीर असा धरला होता, जणू पळून जाईल.

‘काय करतोस रे?’ मी म्हटलं.

‘काही नाही. गोदामं बघतोय. गधड्यानं कुठल्या कुठे बांधायला घेतलीयत बघ.’

मी म्हटलं, ‘तूच तर म्हणायचास हा रिकामटेकड्यांचा धंदा आहे.’

‘मग मी कोण आहे आता?’ म्हणाला, आणि हसला. बऱ्याच महिन्यांनी हसला.

सतरा वेळा ते शहर बुडवलं त्यानं. कधी आग, कधी उपासमार, कधी राजाच रागावला. मी म्हणायचे, सोड आता. तो म्हणायचा, ‘आई, मी उपटलंय ते मलाच परत लावून द्यायला हवं.’

आठ तारखेला, शुक्रवारी, सकाळी दहाच्या सुमाराला मी पालेभाजी निवडत त्याच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसले होते. तुतीला पाणी लागतं का रे, असं काहीतरी विचारलं. उत्तर आलं नाही. मला वाटलं, मोजतोय. मी अर्धी जुडी निवडून होईपर्यंत वाट बघितली. पडद्यावरची माणसं टोपल्या घेऊन हिंडतच होती.

तुझा बाप गेला, भुंग्या.

शिंपीणबाईंनी पेन खाली ठेवलंय. लिहा हो बाई. लिहायला तुम्ही, रडायला मी, असं ठरलंय ना आपलं?

तुझ्या कंपनीच्या ऑफिसात या बाईंनीच फोन लावून दिला. ते म्हणाले, बोट समुद्रात आहे, निरोप ठेवा. मी नाही ठेवला. ‘अमक्याचा बाप गेला’ हे तुला कुणा टेबलामागच्या माणसानं सांगावं, मध्येच चहाचा घोट घेत, हे मला सोसवेना. रागाव हवं तर. पण रागवायला याहून मोठं कारण देते, जरा थांब.

तो गेल्यावर घरात फार शांतता झाली. मग मीच बसले खुर्चीत. मला अक्षर येत नाही, पण त्या खेळात चित्रं असतात. गठ्ठा म्हणजे रेशीम, पांढरा ढीग म्हणजे मीठ. चार गठ्ठे तर राहिलेत, धाडून टाकू, म्हटलं. मध्येमध्ये अक्षरांनी भरलेली चौकट यायची, ती मी कोपऱ्यातल्या फुलीवर दाबून घालवायचे. आणि एक दिवस मिठाच्या गाड्या यायच्याच बंद झाल्या. घरं एकेक मजला खाली उतरायला लागली.

शिंपीणबाई डबा घेऊन वर आल्या होत्या, त्यांनी वाचलं. म्हणाल्या, ‘आजी, मिठाच्या शहरानं तीनदा निरोप धाडला होता. तुम्ही तिन्ही न वाचता घालवलेत. आता रुसलेत ते.’

मी विचारलं, ‘रागाचे होते का निरोप?’

‘नाही हो. पहिला तर मदतीचाच होता. पीक बुडालंय, थोडं धान्य धाडा म्हणून.’

तेव्हा मी उठले. स्टूल फडताळाला लावलं, वर चढले, या गुडघ्यांनी. मिठाची बरणी काढली. वर्षभर रिकामी आहे ती. एका घरात एकाला फिकं आणि दुसऱ्याला चवीचं, हे मला जमत नाही, म्हणून मीही सोडलं होतं. त्या बरणीत तुझं दुसरं पत्र होतं.

हो. आलं होतं. पोस्टमनकडून मीच घेतलं. पालथं करून पाठीवरून बोट फिरवलं तर अक्षरं टोचत होती. पहिल्या पत्राची अशीच टोचली होती, ज्यात तू लिहिलंस की मला बाप नाही असं समजतो. ते त्यानं मला वाचून दाखवलं, आवाज न चढवता, आणि दोन दिवस जेवला नाही. (त्याच्या दुखण्याशी त्या पत्राचा काही संबंध नाही. डॉक्टरांना मी मुद्दाम विचारून घेतलंय. ते डोक्यात घ्यायचं नाही, माझी शपथ.) मला वाटलं, हे त्याच हातानं, त्याच रागानं दाबून लिहिलंय. अक्षर येत नसलं तरी दाब कळतो, असा माझा ताठा. जरा बरा होऊ दे, मग देऊ, असं म्हणून बरणीत घातलं आणि झाकण लावलं.

रोज विचारायचा. ‘आई, काही आलं?’

‘विजेचं बिल आलं.’

‘भुंग्याचं?’

‘त्याला बोटीवर कामं असतात रे.’

‘असतील,’ म्हणायचा, आणि खुर्चीकडे जायचा. तेवीस दिवस. बरणी वर, तो खाली, मध्ये चार पावलं.

शिंपीणबाईंनी ते मला वाचून दाखवलं. ‘बाबा, माझं चुकलं.’ पहिलीच ओळ. पंचवीस नोव्हेंबरला बोट बंदराला लागेल, आठ दिवस थांबेल, तुम्ही दोन ओळी धाडल्यात तर घरी येतो, नाहीतर पुढच्या दोन वर्षांच्या करारावर सही करतो. आणि अगदी खाली, ‘बोट फार हलते, म्हणून दाबून लिहिलंय. सांभाळून घ्या.’

मी ती शेवटची ओळ तीनदा वाचायला लावली.

आता अडलंय ते हे. मी बिघडवलं ते शहर बिघडलंच, मीठवाले काही परत येत नाहीत. पण शिंपीणबाईंनी यादी उघडून बघितली. त्याची शहरं वेगळी ठेवलेली आहेत, एकाखाली एक, पाच. प्रत्येकात रेशमाचे छत्तीस गठ्ठे. पस्तीस नाही, सदतीस नाही. गोदामात पुढचे चार भरून तयार, तिन्ही शहरं खूश, वखार उघडी. तिथे आणून थांबवलेलं. पाचही वेळा. नाव दिलंय ‘भुंग्याचं’. मला मेलीला वाटत होतं, याला पुढे जमत नाही.

त्या यादीला मी हात लावणार नाही. उंदरावर फडकं टाकलंय.

दोन ओळी तो लिहू शकत नाही, म्हणून मी लिहवतेय, आणि दोनाच्या किती झाल्या ते तू मोज. माझ्यावरचा राग घेऊन आलास तरी चालेल. समोर बसून वाटेल ते बोल, मी फुली दाबणार नाही. पण सही करू नकोस. एवढं ऐक.

शाईचा अंगठा खाली उमटवलाय. ठसा पुसट आलाय, कारण मी फार दाबला नाही.

तुझी आजी

ता. क. घरात अजून मीठ नाही. आणायला दुकानापर्यंत जाते आणि काहीतरी भलतंच घेऊन परत येते. तुझ्या भटारखान्यातलं मीठ पाठव, जाडं, मूठभर. दोघांना पुरेल एवढंच. टपालानं नको, ओलं होतं. खिशात घालून आण.