तीन मिनिटांची प्रार्थना

४ सप्टेंबर, गुरुवार

चर्चच्या पाळकांचं हर्नियाचं ऑपरेशन. सहा आठवडे विश्रांती. तोवर बुधवारची प्रार्थनासभा मी चालवायची. दुसरं आहे कोण? बाकीच्यांना हॉलच्या दिव्याचं बटण सापडत नाही.

जाण्याआधी मला बसवून शिकवत होते. अठ्ठावीस वर्षांचा मुलगा, मला! "बाई, प्रत्येकाला वेगळं सांभाळावं लागतं. मावशींना मध्येच तोडू नका. कारकुनांना वाद घालू द्या, वाद घालूनच ते टिकलेत. आणि प्लंबरना काही म्हणजे काही विचारू नका. बायको गेल्यावर वर्षभर फिरकले नव्हते. आता कुठे दोन महिने येतायत. नुसतं बसू द्या. पुन्हा गेले तर परत यायचे नाहीत."

म्हणजे प्रार्थनासभा नाही — पाळणाघर.

एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंज सांभाळलं. चाळीस मुली हेडफोन लावून ओळीत बसायच्या. कोण रडकी, कोण भांडखोर, कोणाचं लग्न मोडलंय — मी कधी विचारलं नाही. कॉल लागला पाहिजे. लागायचा.

१० सप्टेंबर, बुधवार

अकरा जण. साडेसहाची सभा सात वाजायला दहा कमी असताना सुरू. मग मावशीची प्रार्थना — मालगाडी, डबे संपेचनात. भाऊ, भावजय, भावजयीचा गुडघा, त्या गुडघ्याचा डॉक्टर. सगळं देवाला पत्त्यासकट. बावीस मिनिटं. शाळेतल्या सिस्टर आम्हाला सांगायच्या, देव बहिरा नाही आणि रिकामटेकडाही नाही.

कारकून (रिटायर्ड, पण वही अजून काखेत) — "देवाला सगळं आधीच ठाऊक असेल तर आपण सांगायचं कशाला?" दर बुधवारी हाच प्रश्न, आणि दर बुधवारी स्वतःवरच खूश.

प्लंबर शेवटच्या बाकावर. हात मांडीवर, नजर छताला. आमेनसुद्धा नाही. छत गळतंय का बघत असावा.

११ सप्टेंबर

नियम केला. प्रत्येकाला तीन मिनिटं, बाहेरगावच्या ट्रंक कॉलसारखी. ओळीने. सूट कोणालाच नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

तीन मिनिटं होताच मावशीला म्हटलं, "वेळ झाली." डोळे उघडून बघतच राहिली. "ताई, माझा नातू राहिला की हो."

"पुढच्या बुधवारी."

कारकुनाला सांगितलं — प्रश्न नको, प्रार्थना. वही मिटून दोन वाक्यांत प्रार्थना उरकली.

मग शेवटचा बाक. पाळकांनी बजावलेलं मला आठवत होतं. या वहीत तरी खोटं कशाला लिहू? पण बाकी सगळ्यांनी केलं आणि याला तेवढा जावयाचा मान? "आता तुम्ही," म्हटलं. उभा राहिला. पूर्ण तीन मिनिटं उभा. तोंडातून शब्द नाही. कोणीतरी खोकलं. "वेळ झाली," मी म्हटलं. त्याने हत्यारांची पिशवी उचलली आणि निघून गेला.

सभा मात्र वेळेत संपली.

२४ सप्टेंबर, बुधवार

आठ जण. मावशीला ताप, कारकुनाकडे पाहुणे. असले बहाणे एक्स्चेंजमधल्या मुली करायच्या, तेही जरा बरे असायचे. प्लंबर नाही.

आलेल्यांनी दोन-दोन मिनिटांतच आटपलं. पावणेसातला हॉल रिकामा. इतकी शिस्तीची सभा इथे आजवर झाली नव्हती. इतकी मुर्दाडही.

२५ सप्टेंबर

पाळकांचा फोन. पहिलाच प्रश्न — "प्लंबर येतायत ना?"

"तुम्ही तब्येत सांभाळा," म्हटलं आणि फोन ठेवला. खोटं बोलले नाही. खरंही नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

शेवटी प्लंबरच्या दुकानात गेले. पाइपला आटे पाडत होता. मी सुनावलं — सभा म्हणजे काय एस.टी. स्टँड आहे, वाटेल तेव्हा यायचं, वाटेल तेव्हा उठून जायचं?

मान वर केली नाही. "बाई, दवाखान्यात अठरा दिवस मोठ्यानं प्रार्थना केली मी. तिच्या उशाशी बसून. आता शब्द येत नाहीत." मग पाइप फिरवत म्हणाला, "आणि तुम्ही मला देवापुढे नाही उभं केलंत. तुमच्यापुढे केलंत."

उद्धट माणूस. घरी आल्यावर त्याला तीन उत्तरं सुचली. एकही धड नाही.

३० सप्टेंबर

मावशीकडे गेले. ताप नव्हताच. नातवाचं विचारलं. पन्नास मिनिटं! त्याच्या दाढांपासून त्याच्या साहेबापर्यंत. माझी मान अवघडली. निघताना म्हणते, "ताई, उद्या येते हं." लाच पोचल्यासारखी.

१ ऑक्टोबर, बुधवार

मावशी आली. कारकूनही आला, तिनेच ओढून आणला. माझं घड्याळ दुरुस्तीला टाकलंय, असं सांगितलं. पर्समध्येच होतं. कारकुनाने तोच प्रश्न विचारला. विचारू दिला. घरी यायला सव्वाआठ. डोकं भणभणतंय.

शेवटचा बाक रिकामाच.

४ ऑक्टोबर, शनिवार

पुन्हा दुकानात गेले. स्टुलावर बसले. काही बोलले नाही. तोही नाही. त्याने दोन नळ खोलले, वायसर बदलले, पुन्हा बसवले. चाळीसेक मिनिटं गेली असतील. मी उठले तेव्हा हात पुसत म्हणाला, "बुधवारी साडेसहालाच ना?"

हो म्हटलं. एवढंच.