सासऱ्यांच्या गाडीचा कार्बोरेटर

१२ नोव्हेंबर, शनिवार
ठरलं! सासऱ्यांची गाडी मीच चालू करणार, घरच्या घरी. एइलिफ, म्हणजे माझे सासरे, मार्चमध्ये गेले. तेव्हापासून त्यांची जुनी व्होल्वो गॅरेजमध्ये चादर पांघरून पडून आहे. सासूबाईंचं मागणं एवढंच: नाताळाआधी गावच्या हॉलवर माशाचं जेवण असतं, दर वर्षी याच गाडीतून गेले, यंदाही याच गाडीतून जाईन. मी टेबलावर हात आपटून म्हटलं, मी नेतो! कॉफी सांडली. मेहुणा टोरगेयर म्हणाला, कार्बोरेटर तुंबलाय, माझ्या वर्कशॉपला आण, अर्ध्या दिवसाचं काम. हं. म्हणे अर्ध्या दिवसाचं. जेवण २७ तारखेला. भरपूर वेळ आहे.

१३ नोव्हेंबर, रविवार
कार्बोरेटर काढला. काही स्क्रू सापडेनात, ते जादाचेच असणार. आत काळाकुट्ट चिकटा, काकवीसारखा. भांड्यांच्या ब्रशने घासला. बायकोने, गुन्व्होरने, ब्रश पाहिला. काय बोलली ते लिहीत नाही. स्वयंपाकघर मला बंद.

१६ नोव्हेंबर, बुधवार
गॅरेजमध्ये प्रयत्न. बाहेर बर्फ, आत त्याहून गार. बोटं बधिर. ग्रीस जागच्या जागी. ही माघार नाही, विचाराला घेतलेला वेळ.

१९ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी.
सुचलं! तळघरात सासूबाईंचा टब. त्यात वाळवलेला कॉड, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात. हाच आमचा लुटेफिस्क. फळीसारखा मासा त्या पाण्यात लुसलुशीत होतो. मग ग्रीसची काय बिशाद! घरातला सोडा संपलेला, म्हणून टबातलंच पाणी माझ्या बादलीत घेतलं. टबात नळाचं भरलं. दिसायला दोन्ही सारखंच. उद्या परत ओतेन. हातमोजे घातले होते, मी काही वेडा नाही.

२० नोव्हेंबर, रविवार
बुडबुडे! कार्बोरेटर नुसता फसफसतोय. मळ अक्षरशः उकळून बाहेर येतोय. टोरगेयरला आत्ताच सांगायचं नाही, गाडी घेऊनच दारात उभा राहीन. पाणी काळं झालंय, ते आता टबात परत ओतणं बरं दिसणार नाही. सासूबाईंना सांगावं का? उगाच कशाला त्रास.

२२ नोव्हेंबर, मंगळवार
अजून बुडबुडे! एइलिफनी गाडीची काय हेळसांड केली होती म्हणायची. संध्याकाळी सासूबाई मासा दाबून म्हणाल्या, यंदा हा फुगतच नाही रे, एइलिफ गेल्याचं यालाही कळलंय. सांगणारच होतो. तेवढ्यात गुन्व्होरने कॉफीला हाक मारली.

२६ नोव्हेंबर, शनिवार
कार्बोरेटर बाहेर काढला. मळ शंभर टक्के गेला. सोबत कडा गेल्या, आटे गेले, एका बाजूला आरपार दिसतं. टोरगेयरला फोटो पाठवला. लगेच फोन. म्हणाला, अरे शहाण्या, हे अ‍ॅल्युमिनियम! सोड्यात विरघळतं! ते बुडबुडे मळाचे नव्हते, कार्बोरेटरचे होते! दुसरा मिळायला नाताळ उजाडेल म्हणे. सासूबाईंना गुन्व्होरने सांगितलं. मी तेव्हा लाकडं फोडत होतो. माशाचं कुणीच विचारलं नाही.

२७ नोव्हेंबर, रविवार
टोरगेयर स्वतःची गाडी घेऊन आला. सासूबाईंनी साफ नाकारली. म्हणाल्या, एइलिफच्या गाडीतून, नाहीतर माझ्या घसरगाडीवरून, आणि ढकलायला हा. घसरगाडी म्हणजे दोन लांब पट्ट्यांवर बर्फावरून सरकणारी खुर्ची, मागे उभं राहून पायाने रेटायची. पुढे खुर्चीत सासूबाई, मांडीवर माशाचं पातेलं, मागे मी. हॉलपर्यंत सगळा चढ. गाववाले मोटारींतून हात करत गेले.

मासा शिजवला. परत शिजवला. पाद्रीबुवांनी पहिला घास घेतला आणि चावतच राहिले. सगळं गाव माशाकडे बघतंय, सासूबाई शरमेने लाल झालेल्या. मग मात्र मला राहवलं नाही. टब, बादली, नळ, सगळं सांगून टाकलं.

सासूबाईंनी काट्याने मासा टोचून पाहिला. मग म्हणाल्या, वा जावईबापू! मासा ठेवलात लोखंडासारखा, आणि लोखंड शिजवलंत माशासारखं!

सगळा हॉल हसून लोटपोट. सासूबाईही हसल्या, डोळे पुसत, परत हसल्या. एइलिफ असते तर खुर्चीतून पडले असते म्हणाल्या. मार्चनंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. बरं वाटलं, आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं. सगळे बटाटे आणि बेकनवर जेवले.

परतीला सगळा उतार. म्हटलं, निदान हे तरी मला जमेल. तर सासूबाई स्वतःच मागच्या पट्ट्यांवर उभ्या राहिल्या. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी! म्हणाल्या, तुझ्या हातात आता चाक नाही, ब्रेक नाही, काही नाही. पातेलं तेवढं घे. आणि पायाने एक रेटा देऊन गेल्यासुद्धा.

मी चालत आलो. पातेलं भरलेलंच होतं.