बीपी कुणाच्या घरचं

उचगाव, सोमवार

तीर्थस्वरूप धोंडुबाईआक्कास,

धाकट्या बयाचा दंडवत. (जुळ्या असलो तरी आधी तू बाहेर आलीस, तेव्हा मान तुझा.) आजऱ्यात दाजींचा गुडघा, तुझे काजू आणि म्हैस खुशाल असतील असं धरून चालते. फोनच केला असता, पण मला कमी ऐकू येतं म्हणून मी ओरडते आणि गल्ली जेवण सोडून ऐकते.

विषय माझ्या बीपीचा. अनुजा सून म्हणून घरात आली आणि माझं बीपी वाढलं, हे मी भावकीत, भिशीत आणि डेअरीच्या रांगेत सांगत आले. त्या बीपीवर माझा कारभार झकास चालला होता. आमटी अळणी झाली की मी कपाळाला हात लावून भिंतीला टेकायचे. लेक विजयसिंह धावत पंखा लावायचा, अनुजा पाणी आणायची. (मीठ मला बंद आहे, पण खर्ड्यातलं मी धरत नाही.)

गेल्या आठवड्यात दोघांनी मला कोल्हापुरात एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. ताण आला की कुणाचं बीपी किती चढतं, आणि ते रक्तातून येतं की घरातून, हाच त्यांचा अभ्यास. त्यांनी माझा हात बर्फाच्या पाण्यात बुडवला; आकडा जेमतेम हलला. शंभरातून सात-सात वजा करायला लावलं, (जन्मभर दुधाचा हिशेब केलेल्या बाईला!) तरी तो जागचा हलेना. मग अनुजाकडे बघून विचारलं, "या कोण?" मी "सून" म्हटलं, आणि आकडा असा उडाला की बाईंनी पट्टा सोडून पुन्हा बांधला. मी विजयसिंहाकडे विजयी मुद्रेनं बघितलं. तेवढ्यात त्यांनी वडलांचं, म्हणजे आपल्या आबांचं विचारलं. शेजाऱ्याच्या कोंबडीवरून भांडताना डोक्यात रक्त चढून ते वारले, हे मला सांगावं लागलं. बाई म्हणाल्या, "आजी, मूळ तुमच्या माहेरचं दिसतंय. सून निमित्त आहे. जुळ्या बहिणीचंही मोजा, म्हणजे कळेल."

घरी येताच अनुजानं पिशवी भरली. "आत्ती, मग इतकी वर्सं मी कशापायी ऐकून घेतलं? तुमच्या तोंडानं कबूल करा, तवाच येते," म्हणाली आणि गडमुडशिंगीला माहेरी गेली.

तर आक्का, बीपी मोजून घे. आधी चार दिवस लोणचं खाऊ नको, दाजींना बोलू नको. आकडा कमी आला की मला कळव. रक्त एक, घरं दोन. म्हणजे दोष माझ्या घरात आहे हे शाबीत होईल.

तुझी
बया

ता. क. सून गेल्यावर बीपी उतरायला हवं होतं. विजयसिंह रोज मोजतो, ते चढतंच आहे. पट्टा बांधताना अनुजा "आत्ती, पाच मिनिटं तोंड मिटा की," म्हणून दटावायची. आता कुणी दटावत नाही. घर खायला उठतं, आक्का.

पुन्हा ता. क. वरचं सगळं रद्द समज. लोणचं खा, दाजींशी कडकडून भांड, मग मोज, आणि आकडा अनुजाला फोन करून सांग. दोष आपल्याच रक्ताचा आहे, बयानं कबूल केलंय, असं म्हण. माझ्या तोंडून ते निघत नाही. तेही आबांकडूनच आलं असणार.